लिंबू पॉझिटिव्ह

चूक एकतर माणसाची असते नाहीतर काट्याची, असं आजोबा छातीठोकपणे सांगत. वजनकाट्यांच्या कारखान्यात तीस वर्षं तपासनीस म्हणून काढल्यावर माणूस असंच बोलायला लागतो. त्यामुळे त्या सकाळी नाक गळत असताना घरी केलेल्या कोविड टेस्टवर दुसरी, फिकट रेघ उमटली, तेव्हा त्यांनी नाकाला बिनशर्त निर्दोष ठरवलं आणि संशय टेस्टवर घेतला.

प्रश्न नातवंडाचा होता. लेक पाच महिन्यांच्या बाळाला घेऊन तासाभरापूर्वीच आली होती, दोन दिवसांनी परत जाणार होती, आणि आजोबांनी बाळाला अजून एकदाही हातात घेतलं नव्हतं. त्यांची पहिली शिंक ऐकताच लेकीने अट घातली होती: टेस्ट निगेटिव्ह, तरच बाळ.

आजीने टेस्ट खिडकीपाशी नेऊन पाहिली आणि रेघा दोन आहेत म्हणाली. आजोबांच्या मते एक रेघ होती आणि एक डाग.

कारखान्यात काटा खरा की खोटा हे पाहायला त्यावर माहितीतलं वजन ठेवतात. आजोबांनी तोच कायदा लावला. ज्याला हा आजार होणंच शक्य नाही, असं काहीतरी तपासायचं. ओट्यावर अर्धं लिंबू पडलं होतं. त्यांनी दुसऱ्या टेस्टवर त्याचा रस टाकला, आणि थोड्याच वेळात दोन ठसठशीत रेघा उमटल्या. आजोबांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. त्यांनी तडक घरच्या ग्रुपवर कळवलं: "लिंबू पॉझिटिव्ह. मी स्वतः तपासलं."

आता, बाळाला कागदोपत्री चांगलं भारदस्त नाव होतं. पण घरात सगळ्यांत लहान म्हणून ते लिंबूटिंबू, आणि पुढे नुसतं लिंबू झालं होतं. हे नाव पाडलं होतं खुद्द आजोबांनी. शोधाच्या भरात ते त्यांच्या ध्यानातून साफ निसटलं.

लेक ओल्या केसांनी धावत आली. "बाबा, मी अंघोळीला गेले तेवढ्यात तुम्ही नाकात काडी घातलीत?"

"कोणाच्या?"

"लिंबूच्या!"

"अगं, लिंबाला नाक कुठे असतं?"

तोवर लेकीच्या सासूबाईंचे तीन फोन येऊन गेले होते आणि जावई ऑफिसातून निघाला होता. सगळ्यांची समजूत काढता काढता आजोबांच्या तोंडाला फेस आला. शेवटी त्यांनी आजीला आणि लेकीला टेबलाशी बसवलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि लिंबाचा प्रयोग पहिल्यापासून करून दाखवला. पंधरा मिनिटं तिघं डोक्याला डोकं लावून रेघ उमटायची वाट पाहत होते. बाळ आत शांत झोपलं होतं.

मग लॅबमध्ये काम करणाऱ्या मेहुणीचा फोन आला.

"भावोजी, आंबट रसाने ती पट्टी बिघडते. लिंबू खोटं पॉझिटिव्ह आहे, तुम्ही खरे आहात. नाक गळतंय आणि फिकट का होईना, रेघ आलीय. टेस्ट निगेटिव्ह आली असती, तर मी शंका घेतली असती."

तिच्या लॅबनेही दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह म्हटलं. आजोबा मागच्या खोलीत गेले आणि भिंतीपलीकडचं बाळाचं हसणं ऐकून मनातून फार कष्टी झाले. सगळे बरे झाल्याशिवाय बाळाला घरी आणायचं नाही, असं सासूबाईंनी बजावलं, म्हणून लेकीचा मुक्काम तेवढा वाढला.

आठवड्याने आजोबा लागोपाठ दोनदा निगेटिव्ह आले. त्याच सकाळी आजी आणि लेक पॉझिटिव्ह आल्या. टेबलाशी काढलेली पंधरा मिनिटं भोवली होती. लेकीने मास्क लावून, दार किलकिलं करून बाळ त्यांच्या हातात दिलं, तेव्हा आजोबांचे डोळे भरून आले. इतकं सुख त्यांना कित्येक वर्षांत झालं नव्हतं.

तेव्हा अकरा वाजले होते. चार वाजेपर्यंत पाच लंगोट झाले, दोन बाटल्या झाल्या, दोन्ही खांद्यांवर ओकून झालं, आणि बाळ खाली ठेवताच भोकाड पसरतं हे पक्कं कळलं. आजोबांनी कोपराने दार वाजवलं.

"बाबा, जमतंय ना?" लेकीने आतून विचारलं.

"अगदी मजेत आहोत आम्ही," आजोबा म्हणाले. "तुमची पुढची टेस्ट कधी, एवढंच विचारायचं होतं."

"पाच दिवसांनी," लेक म्हणाली, आणि आतून कडी लागली.