खडक: समाधानकारक

"ताई, दार परत घासतंय गं. सुतारानं तासून तासून दाराचं नुसतं फळकूट उरलंय."

धाकटी बहीण दर पावसाळ्यानंतर हे गाऱ्हाणे घेऊन येई आणि खडक कार्यालयात नमुने सांभाळणाऱ्या ताई दरवेळी म्हणत, "सुतार बदल."

दाराचा दोष सुताराकडे जातो, हे सर्वमान्य आहे. धाकटीची खोली कार्यालयामागच्या कापलेल्या टेकडीच्या पायथ्याशी होती आणि टेकडी खडकाची होती. तसा शिक्का होता. शिक्का मारलेली वस्तू स्वतःहून बदलत नाही, या तत्त्वावर जगातली निम्मी कार्यालये उभी आहेत. (उरलेली निम्मी भाड्याच्या जागेत आहेत.)

या खडकात फेल्डस्पार नावाचे गुलाबी, कडक स्फटिक असतात. चाकूलाही दाद देत नाहीत. पण पावसाचे पाणी हवेतला, जमिनीतला कर्बवायू पिऊन किंचित आंबट होते आणि फटीफटीतून आत जाऊन बसते. ते भांडत नाही, आवाज चढवत नाही. आधी पोटॅशियम काढून नेते, मग थोडी सिलिका, आणि रिकाम्या जागी स्वतःच मुक्कामाला राहते. मागे उरते मऊ, पांढरी चिकणमाती. मौज अशी की स्फटिकाचा आकार तसाच राहतो: कडा, कोपरे, सगळा रुबाब. लांबून पाहिले तर खडकच. (शेजारचे गारगोटीचे दाणे मात्र जसेच्या तसे. असे दाणे प्रत्येक कार्यालयात असतात. साहेब कितीही बदलले तरी त्यांना काही होत नाही.)

म्हणूनच पाहणी लांबून करावी असा नियम होता. तो पूर्वी नव्हता. अकराव्या वर्षी एका कर्मचाऱ्याची पेन्सिल कड्याला टेकताच चार बोटे आत गेली. रीतसर चौकशी झाली. पेन्सिल प्रमाणापेक्षा टोकदार असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून पाहणी व्हरांड्यातून, चहा निवण्याआधी उरकली जाते. एकतीस वर्षांत बासष्ट पाहण्या, बासष्ट वेळा खडक. इतके सातत्य प्रत्यक्ष खडकालाही जमले नसते.

तक्त्यात पर्याय तीन: खडक उत्तम, खडक बरा, खडक विश्रांती घेत असलेला. मातीचा रकाना नाही, कारण माती वरच्या मजल्यावरच्या मृदा कार्यालयाकडे येते. टेकडी माती निघाली तर फाईल जिना चढणार आणि खालच्या अकरा खुर्च्या रिकाम्या होणार. त्यांतली एक ताईंची. त्यामुळे ताई तिन्ही पर्यायांवर समभावाने सही करत. सहा वर्षांपूर्वी धाकटीला ती खोलीही त्यांनीच पाहून दिली होती. "मागं पक्का खडक आहे, बिनघोर राहा," असे म्हणाल्या होत्या. तेव्हापासून पाऊस लागला की ताईंचा डोळ्याला डोळा लागत नसे. (वैद्यकीय कारण: वय.)

त्रेसष्टाव्या पाहणीच्या दिवशी धाकटी ताईंचा विसरलेला डबा घेऊन आली. डबा ताईंना दिला आणि साहेबांच्या टेबलावर एक चिमुकला कप ठेवला. पांढुरका, गुलाबी ठिपक्यांचा, कानासकट.

"पोरीनं केलाय. मोरीमागं कड्याचा तुकडा पडला होता, त्याचा. पाणी घालून मळला, झाला." मग बहिणीकडे वळून म्हणाली, "ताई, खडकाचा कप होतो का गं?"

कप पाहणीला जमलेल्या समितीत हातोहात फिरला. कान नाजूक उतरलाय, यावर एकमत झाले. साहेबांनी चष्मा पुसला आणि लिहिले: 'खडक कलाकुसरीस योग्य. प्रकृती उत्तम.' मग कागद पुढे सरकवला.

"घ्या ताई, करा सही. चहा निवतोय."

वाचकांना खरे तर पेन्सिलीपाशीच सगळे कळले होते. पण तेही गालातल्या गालात हसत इथवर आले, धाकटीला कुणी सावध केले नाही. (अशांसाठी बारावी खुर्ची मंजूर व्हायला हरकत नाही.)

ताईंनी पेन उघडले, मिटले. कप हातात घेतला, तर अंगठ्याखाली कान दबून सपाट झाला.

"माती आहे, साहेब," त्या म्हणाल्या. मग बहिणीकडे न पाहता, "आजच सामान हलव. वीस वर्षं झाली मला कळून. ती पेन्सिल माझी होती."