करवंदीतला भारद्वाज

मुलगी बघायचा कार्यक्रम सकाळी आठला ठेवणारा बाप रत्नागिरीत दत्तात्रेयाच्या आधी कुणी झाला नसेल.

"लोक संध्याकाळी येतात हो. सकाळी मी आंघोळी उरकू की पोहे परतू?" कमलानं विचारून पाहिलं. पण इलाज नव्हता. भारद्वाज सकाळी आठलाच यायचा.

कचेरीत कारकुनी करणाऱ्या या माणसाचा जीव खरा रमायचा तो मागीलदारी. पडवीत चहा घेऊन बसावं, विहिरीच्या रहाटावर खंड्या यावा, जास्वंदीत शिंजीर लोंबावा, दयाळानं शीळ घालावी, की त्याचा दिवस सार्थकी लागे. मग केळींखालच्या गोगलगाई टिपायला काळ्या अंगाचा, तांबूस पंखांचा भारद्वाज डुलत येई. तोंडानं "हूप-हूप" केलं तर उत्तरही देई. हे दत्तात्रेयानं कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्याच पक्ष्यावर हेमाचं लग्न येऊन ठेपलं होतं. मुलगा हरिहर, दापोलीला शेतकी विद्यापीठात नोकरी. त्याचा फोटो हेमानं उलटसुलट करून पुन्हा पुन्हा बघितला होता, त्यामुळे तिच्या मनात काय आहे ते सांगायला ज्योतिषी नको होता. अडचण होती हरिहरच्या आईची. मांजर आडवं गेलं म्हणून गंगाबाईंनी एक मुलगी नाकारली होती आणि कुणी शिंकलं म्हणून दुसरी. भारद्वाजाचं दर्शन मात्र त्या फार शुभ मानत.

नेमका त्या सकाळी भारद्वाज आला नाही. दगडी गडग्यापलीकडून, शेजारच्या आगरातून, "हूप-हूप" तेवढं ऐकू येत होतं.

"गडग्यालगतच्या करवंदीच्या जाळीत बसून हाक घालतो. मंडळी यायच्या आत परत येतो," दत्तात्रेय म्हणाला.

"लग्नातला काळा कोट घालून? काटे चिंध्या करतील त्याच्या." कमलानं त्याच्या खांद्यांवर तपकिरी शाल टाकली.

पाहुणे वेळेआधीच आले. गंगाबाई ओटीवर टेकल्यासुद्धा नाहीत. "आधी पाय धुवायचे" म्हणून हरिहरला घेऊन तडक विहिरीवर गेल्या. कमला आणि हेमा मागोमाग धावल्या.

"मुलीचे वडील दिसत नाहीत?"

"देवाला फुलं आणायला गेलेत. येतीलच," कमला म्हणाली, आणि करवंदीतून आवाज आला, "हूप-हूप!"

गंगाबाईंच्या हातातला तांब्या थांबला. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, पण जाळीतलं काळं अंग आणि तपकिरी पंख त्यांनाही दिसले.

"भारद्वाज!" त्यांनी हात जोडले. "केवढा थोरला हो! हरिहर, तुला दिसला ना?"

हरिहरनं वाकून बघितलं. त्याचे डोळे चांगले होते. पानांमधून त्याच्याकडे एक चष्मा बघत होता. हरिहरनं हेमाकडे पाहिलं, मग पुन्हा जाळीकडे.

"दिसला, आई. चांगला पोसलेला आहे."

"मग मी हलत नाही. शकुन आपणहून उठून जाईपर्यंत त्याला पाठ दाखवू नये."

इकडे शकुनाच्या पायजम्यात तांबड्या मुंग्या शिरल्या होत्या. हलावं तर लग्न मोडतं, न हलावं तर मुंग्या सोडत नाहीत. गंगाबाई डोळे मिटून स्तोत्र पुटपुटू लागल्या. ते काही संपेना. कमलाचा पदराशी चाळा चालू होता आणि आत पोहे करपल्याचा वास सुटला होता. शेवटी मुंग्या मांडीपर्यंत पोचल्या तेव्हा दत्तात्रेय रांगत मागे सरकला.

"पाचोळा काय वाजतोय!" गंगाबाई कौतुकानं म्हणाल्या.

"अंगानं भारी आहे ना," हरिहर म्हणाला. हेमानं ओठ घट्ट मिटून घेतले.

थोड्या वेळानं दत्तात्रेय गडग्यावरून उतरून पुढच्या दारानं आला. हातात दोन जास्वंदी होत्या, शाल नव्हती आणि एक गाल सुजला होता. मंडळी पडवीत बसून करपलेले पोहे खात होती. गंगाबाईंनी नमस्कारसुद्धा होऊ दिला नाही.

"मुलगी पसंत आहे. ज्या घरी असा शकुन भेटतो तिथं आणखी काय बघायचं?"

हेमा पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली. दत्तात्रेयाला रडू येईल असं वाटलं. एवढ्या चावण्याचं सोनं झालं होतं.

"पण एक अट," गंगाबाई म्हणाल्या. "लग्न ह्याच अंगणात. आणि मुहूर्ताच्या वेळी तो तिथं जाळीत दिसला पाहिजे. नाही दिसला तर मी अक्षता टाकू द्यायची नाही."

कमलानं हळूच नवऱ्याच्या कानाशी तोंड नेलं. "मग कन्यादान कोण करणार?"

दत्तात्रेयाला घाम फुटला. तेवढ्यात केळींखाली हालचाल झाली आणि खराखुरा भारद्वाज डुलत डुलत पुढे आला. दत्तात्रेयाच्या जिवात जीव आला.

"हा बघा, हा बघा! रोज येतो. मुहूर्तालाही नक्की येईल."

गंगाबाईंनी कपाळावर हात धरून बराच वेळ निरखलं आणि मान हलवली.

"हा नव्हे. हे त्याचं पोर असेल. मला तो थोरला हवा."

हरिहर पोह्यांच्या बशीत खाली बघत होता. दत्तात्रेयानं मानेवरची एक मुंगी चिमटीत धरून काढली.

"बरं," तो म्हणाला. "थोरला येईल."