मैना विचारते, तुझं नाव काय?

छातीठोकपणे सांगते, मुलांना शिकवणाऱ्या रोबोंवर अख्ख्या सोलापुरात माझ्याएवढं काम कुणी केलेलं नाही. दुसरं कुणी ते करतच नाही, हा भाग वेगळा. पुण्यात पीएचडी केली, इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात प्रयोगशाळा थाटली आणि तारुण्य खर्ची घालून मैना तयार केली. गुडघ्याएवढी उंच, वाटोळ्या डोक्याची. जो बोलेल त्याच्याकडे मान वळवून बघायची. चिडत नाही, छडी उगारत नाही, मधेच उठून चहाला जात नाही. अशी बाई कुठल्या शाळेला मिळणार!

त्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष उदयसिंह आबा तिचा प्रयोग बघायला येणार होते. मैना पास झाली तर प्रयोगशाळा राहणार. नापास झाली तर खोलीत मोडकी बाकं रचायची आणि मी पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायचं, असं त्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. मी निर्धास्त होते. होटगीकडच्या एका शाळेतली दुसरीची पोरं बोलावली होती. त्यांच्या सोनालीबाईंना सांगून ठेवलं होतं की आज तुम्ही फक्त बसा, शिकवायचं ते मैना शिकवेल.

आबा आले, पुढच्या खुर्चीत बसले. अंकिता नावाची चुणचुणीत पोरगी मैनेसमोर उभी राहिली.

"पाच आणि तीन किती?" मैनेनं विचारलं.

"आठ हाय," अंकिता म्हणाली.

"हॅलो! तुझं नाव काय?"

अंकिता गोंधळली, पण शहाण्यासारखं नाव सांगितलं. मैना म्हणाली, छान, अंकिता, आणि पुन्हा पाच आणि तीन किती ते विचारलं. पोरीनं पुन्हा आठ हाय म्हणून सांगितलं. मैनेनं पुन्हा तिचं नाव विचारलं.

घोळ काय झाला ते मला तिथंच, त्या क्षणी कळलं. मैनेला मी शिष्टाचार शिकवला होता. मूल 'हाय' म्हणालं की आपण 'हॅलो' म्हणायचं आणि प्रेमानं नाव विचारायचं. पुण्याच्या शाळांत चाचण्या घेतल्या तेव्हा हे झकास चाललं होतं. मी मूळची माळशिरसची. पण पुण्यात मैत्रिणी हसायच्या म्हणून माझी सगळी 'हाय' घासूनपुसून 'आहे' करून टाकली होती. आमच्याकडची पोरं दिवसभर हायच म्हणतात आणि ते नमस्काराचं नसतं, हे माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

तोवर अंकिताचा धीर सुटला होता. आपलंच उत्तर चुकतंय असं वाटून तिनं सात हाय सांगून पाहिलं, मग नऊ हाय. मग ती रडायला लागली. चांगलं येत होतं हो पोरीला! माझ्या यंत्रानं पाच मिनिटांत तिचा आठ विसरवला.

मागून सिद्धराम नावाचा पोरगा ओरडला की तिला ऐकू येत न्हाय. 'न्हाय'मधलंही हाय मैनेनं पकडलं आणि मान वळवून त्याचं नाव विचारलं. पोरांना खेळच सापडला. डावीकडून हाय, उजवीकडून न्हाय! मैनेची मान जात्यासारखी फिरायला लागली. सोनालीबाई गप्प बसा म्हणून ओरडत होत्या. बंद करायचं बटण मैनेच्या डोक्यामागे होतं, आणि डोकं एका जागी थांबायला तयार नव्हतं.

शेवटी आबा उठले. सगळं चिडीचूप झालं.

"मॅडम, हे काय चाललंय हितं? कुणाच्या बापाला काय कळतंय का न्हाय?"

मैना सावकाश त्यांच्याकडे वळली.

"हॅलो! तुझं नाव काय?"

आबांना 'तुझं' म्हणणारं माणूस जिल्ह्यात शिल्लक नव्हतं. माझी घासूनपुसून ठेवलेली पुणेरी भाषा कुठल्या कुठं गेली.

"अवो आबा, मुद्दाम न्हाय करत ती. तिला कळतच न्हाय!"

"हॅलो! तुझं नाव काय?"

"ऋतुजा," मी रडवेल्या आवाजात सांगितलं.

"छान, ऋतुजा!"

आबा खदाखदा हसले. इतके हसले की डोळे पुसावे लागले. मला वाटलं, सुटले. मग त्यांनी निकाल दिला. पोरांना शिकवायला ही चालायची नाही, बाकं उद्याच आत आणा. मात्र येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस लई झ्याक करते. पुढच्या आठवड्यात त्यांच्या पुतणीचं लग्न होतं. मांडवाच्या दारात हिला उभी करायची.

तर मैना माळशिरसला, माझ्याच गावी, लग्नाला गेली. चार्जर घेऊन मागोमाग मीही गेले. पाव्हणे दारात आलो हाय म्हणायचे, मैना नाव विचारायची, छान म्हणायची. म्हातारेसुद्धा खूश होऊन दोनदोनदा आत येत होते. माझ्या सगळ्या आयुष्याचं संशोधन तिथं अत्तरदाणीशेजारी उभं होतं आणि कुणालाही त्याच्यापासून काही शिकायचं नव्हतं.

अक्षता पडल्यावर माइकवरून कुमारी मैना यांचा सत्कार पुकारला. टॉवेल गळ्यात घातला, टोपी डोक्यावर बसवली, टाळ्या पडल्या. या प्रकल्पाला मिळालेला हा पहिलाच सन्मान. मग माझंही नाव पुकारलं. उगाच खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. पदर सारखा करून मी स्टेजवर गेले.

मैनेला हात नाहीत. नारळ धरायला कुणीतरी हवं होतं.