प्रवाळांचं बाळंतपण

"मी पहाऱ्यावर असताना ह्या टाकीत किडीने शिरून दाखवावंच!" असं सीताराम परबांनी बोटीवरच्या मुलाला व्हिडिओ कॉलवर ठणकावलं, तेव्हा कीड शिरून आठवडा झाला होता आणि तिला रोज सकाळी कोलंबी किसून भरवत होते ते खुद्द सीतारामच.

टाकी मुलाची, विनीतची. डिलाईल रोडच्या चाळीचा टॉवर झाल्यावर त्याने हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची ही टाकी मांडली आणि सात वर्षं खपून जिवंत प्रवाळ वाढवले. बोटीवर जाताना तो म्हणाला होता, "बाबा, एक जरी प्रवाळ आखडला, तर टाकी शेजारच्या वैभवकडे." सीतारामांना ते झोंबलं. गिरणीत तीस वर्षं कापड तपासलेला माणूस तो! ताग्यातला तुटका धागा त्यांना दहा फुटांवरून दिसायचा.

"उलट तुझा प्रवाळ व्यालाय!" सीतारामांनी फोन टाकीला चिकटवला. बुंध्याशी तपकिरी, झालरीची इवली फुलं डुलत होती. "चाळीस पोरं! मजल्यावर पेढे वाटले."

"पोरां आवशीसारखी दिसतत तरी काय?" कौसल्याबाई मागून म्हणाल्या.

"बापावर गेली असतील!"

"बाबा, ही पोरं नाहीत!" विनीत किंचाळला. "हीच कीड! प्रवाळांना डंख मारून मारते. आता नीट ऐका—"

सीताराम ऐकायला थांबतात होय! फोन ठेवला, कात्री घेतली आणि न्हाव्याच्या झपाट्याने चाळीसच्या चाळीस छाटली.

चार दिवसांनी टाकीत शंभराच्या वर होती.

"कापलीत?" विनीतने कपाळ धरलं. "तुकड्यातुकड्यातून नवीन उगवतं!"

"रक्तबीज सगळो!" कौसल्याबाईंनी हात जोडले.

मोठा जांभळा प्रवाळ मुठीसारखा मिटत चालला होता.

"वैभवला पाठवतो, बाबा."

"खबरदार! घरात पाऊल टाकू दे त्याला, मग बघतो! उपाय सांग."

"पंप बंद करा. घट्ट चुना सिरिंजमध्ये घ्या नि एकेकीच्या तोंडात भरा. दिवसाला चार-पाचच. पण आत्ताच्या आत्ता सुरू करा! खायचा साधा चुना चालेल."

"चुनो खंय गावतलो?" कौसल्याबाई अभिमानाने म्हणाल्या. "ह्यांनी तंबाखू सोडून दोन वर्सां झाली."

सीतारामांनी प्रवाळाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. मग छाती काढून ते भिंतीशी गेले, वडिलांच्या तसबिरीमागे हात घातला आणि चुन्याची डबी टेबलावर आपटली.

कौसल्याबाईंनी झाकण उघडलं; आतला चुना अजून ओला.

"दोन वर्सां!" कौसल्याबाई म्हणाल्या.

"आणीबाणीसाठी ठेवली होती!" सीताराम गरजले. "आली की नाही आणीबाणी?"

कौसल्याबाईंनी डबी आपल्या ताब्यात घेतली. रोज चुना त्या कालवायच्या आणि सुई सीताराम मारायचे. तीस वर्षांची नजर अखेर कामी आली. एकही नेम चुकला नाही. महिन्याभरात शेवटची कीड विरघळली आणि जांभळा प्रवाळ पुन्हा पंजासारखा उमलला.

"मानलं बाबा!" विनीत फोनवर म्हणाला. "वैभवचं नाव पुन्हा काढणार नाही. बोला, सिंगापूरहून काय आणू?"

"मला कोणाचं काही नको!" सीताराम ताठ मानेने म्हणाले. मग बायको स्वयंपाकघरात असल्याची खात्री करून त्यांनी फोन तोंडाशी नेला.

"फक्त तुझ्या आईला सांग, कीड अजून पुरती गेलेली नाही. रोज नखभर चुना माझ्या हातात द्यावा."