इनासकाकांचा थांबा

इनासकाका चर्चमध्ये जातानाही गळ्यात शिट्टी घालतात. सोन्याचा क्रूस शर्टाच्या आत आणि शिट्टी बाहेर. तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी सुपरवायझर म्हणून जन्म काढला. निवृत्त होताना मिळालेलं घड्याळ त्यांनी जावयाला देऊन टाकलं, शिट्टी मात्र ठेवली. पनवेलच्या खांदा कॉलनीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये टँकर आला की शिट्टी, लिफ्टचं दार कुणी उघडं टाकलं की शिट्टी. लग्नानंतर मी पहिल्यांदा गच्चीत पापड वाळत घातले तेव्हाही ती वाजली. पापड रांगेत नव्हते. "सुधा, सिस्टीम पायजे," असं म्हणत त्यांनी स्वतः वाकून सगळे पापड सरळ केले.

दर फेब्रुवारीत काका वसईची बस काढतात. वसईत जन्मलेला आणि दूर जपानात क्रुसावर प्राण दिलेला एक संत आहे. त्याचं गाव बघायचं, किल्ल्यात मिस्सा, म्हणजे पाद्रीबाबांची सामुदायिक प्रार्थना, ऐकायची, रात्रीच्या आत पनवेलला परत. यात्रा कॅथलिकांची, पण बस भरायला कॅथलिक कमी पडतात. म्हणून पहिल्या वर्षी आम्ही कुलकर्णी मंडळी नुसत्या जागा भरायला गेलो आणि मग दर वर्षीचेच झालो. माझा मुलगा लहान होता. तो त्या संताला 'बसवाला बाप्पा' म्हणायचा आणि काकांना त्याचं फार कौतुक.

काय दिवस होते ते. पहाटे कॉलनीच्या कोपऱ्यावर बस उभी, दारात काका. उशिरा येणाऱ्याला ठरलेलं वाक्य: "देव दयाळू हाय, ड्रायव्हर नाय." मागच्या सीटवर त्यांची बायको, रेजिनाकाकू, मांडीवर फुग्यांचा डबा घेऊन बसायच्या. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. ठाणं यायच्या आत डबा निम्मा व्हायचा. घोडबंदरला चहाला उतरलेल्या बायका शिट्टी ऐकून निम्मा कप टाकून पळत यायच्या. "लग्नात पण याने शिट्टी आणली असती," काकू सांगायच्या, "पण तवा प्रमोशन झालं नव्हतं."

किल्ल्यात पोचलं की काका आम्हाला पडक्या भिंतींजवळ उभं करून संताची गोष्ट सांगत. कारखान्यात सुरक्षेचे नियम सांगावेत तशी, मुद्देसूद. फक्त शेवटी आवाज खाली यायचा. "गेला तो गेलाच. वसई परत दिसली नाय बिचाऱ्याला."

परतताना एक थांबा असे. केळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर, एका कौलारू घरासमोर, पांढरा क्रूस आहे. असे क्रूस वसईत वळणावळणावर दिसतात, पण काकांची बस थांबायची ती इथंच. आम्ही उतरून मेणबत्त्या लावायचो आणि काका माळेची प्रार्थना सुरू करायचे. ही प्रार्थना वाटून म्हणतात. एकाने "नमो मरिये" पासून अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी "पवित्र मरिये" पासून ती पुरी करायची. काका सुरू करत, आम्ही पुरी करत असू. इतक्या वर्षांत मलाही ती पाठ झाली होती. समोरच्या ओटीवर खुर्ची टाकून एक म्हातारा बसलेला असे. तोही आमच्याबरोबर पुरी करायचा, आमच्या सगळ्यांच्या वर आवाज काढून. माळ संपली की काका त्याच्याकडे न बघता शिट्टी वाजवत आणि बस सुटायची.

इथंच का थांबायचं, याचा अर्थ आम्ही आमचा लावून टाकला होता. हा क्रूस नवसाला पावतो. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी इथं मेणबत्ती लावली आणि मुलीचं लग्न जमलं. मी मुलाच्या दहावीसाठी लावली, तो पास झाला, गणितातसुद्धा. पुढे पुढे गावातले लोकही त्याला हार घालू लागले. थोडक्यात, तो क्रूस आम्ही पनवेलकरांनी जागृत करून टाकला. काकांना विचारलं तर म्हणत, "सिस्टीम हाय ती."

मागच्या वर्षी सगळंच बिनसलं. ड्रायव्हर नवा होता. जाताना घोडबंदरला कोंडीत अडकलो, मिस्सा निम्मी चुकली, जेवायला दुपार टळली. निघताना ड्रायव्हर म्हणाला, "आतला रस्ता नको. सरळ हायवे पकडतो, नायतर परत अडकू." मुलं किरकिरत होती. कुणीतरी म्हणालं, "मेणबत्त्या किल्ल्यात लावल्याच की." हायवेसाठी हात वर झाले. मीही केला आणि आता शिट्टी वाजणार म्हणून कान झाकायच्या तयारीत राहिले.

शिट्टी वाजली नाही. काका पुढच्या सीटवर खाली बसले, शिट्टी मुठीत धरून, खिडकीबाहेर बघत. बसमध्ये त्यांना बसलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

मागून रेजिनाकाकू उठल्या. डबा माझ्या मांडीवर ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने बोलल्या. "तो क्रूस नवसाचा बिवसाचा नाय. समोर ओटीवर बसतो ना, तो याचा मोठा भाऊ हाय, पास्कू. बापाच्या वाडीच्या वाटण्या झाल्या तवा भांडले. आता आदी कोण बोलणार, यावर दोगं अडून बसलेत. हा माळ सुरू करतो, तो पुरी करतो. वर्षाचं तेवढंच बोलणं हाय त्यांचं."

"तुला कोणी विचारलं होतं?" काका खेकसले, पण आवाजात जोर नव्हता. ड्रायव्हरने पुन्हा कुणाला काही विचारलं नाही. बस वाड्यांच्या रस्त्याला वळली.

पोचेपर्यंत ऊन पार उतरलं होतं. ओटीवर खुर्ची नव्हती. मग दिसली. खुर्ची फाटकाबाहेर, रस्त्याच्या अगदी कडेला आणलेली होती, आणि म्हातारा तिच्यात आमच्या वाटेकडे तोंड करून बसला होता. दुपारपासून बसला असणार.

काका क्रुसासमोर उभे राहिले. "नमो" म्हणाले आणि आवाज अडकला. खाकरून पुन्हा "नमो" म्हणाले, पुन्हा अडकला. आम्ही खाली माना घालून उभे. आम्हाला पुरी करायची सवय, सुरू कोण करणार?

"नमो मरिये," फाटकाकडून आवाज आला. पास्कूंनी सावकाश पहिली अर्धी म्हटली आणि ते थांबले.

काकांनी एकट्यानेच ती पुरी केली, चिरक्या आवाजात, पण शेवटच्या आमेनपर्यंत. मग माळ संपेस्तोवर ते दोघंच म्हणत राहिले. मी रडले, सरळ सांगते. ड्रायव्हरनेही इंजिन बंद केलं होतं.

निघताना शिट्टी वाजली नाही, आम्ही आपले आपणच चढलो. काका सगळ्यांच्या शेवटी आले, रुमालाने नाक पुसत माझ्या शेजारी टेकले.

"सुरुवात मी करायची असते," ते म्हणाले. "पास्कूला पयल्यापासून सिस्टीम नाय."