ऋतिकाचं तोंड आणि हरणीची मान

ऋतिकाच्या हनुवटीवरची पहिली पुटकुळी ऋतिकाच्या आधी अंबाबाईला दिसली. शेजारच्या अंबाबाईला कुंपणापलीकडचं सगळं दिसतं, फक्त स्वतःच्या गॅसवरचं दूध उतू जाताना दिसत नाही. ती तिथूनच ओरडली, "आनंदीबाय, तुज्या सुनेच्या तोंडाला काय झालं गं?"

झालं! अख्ख्या कडाव गावाला कामच मिळालं. ऋतिका गरोदर होती, पण त्या दिवसापासून पोटाची चौकशी बंद झाली आणि तोंडाची सुरू झाली. चेहऱ्याचं तेज गेलं म्हणजे मुलगी, पुटकुळ्या उजव्या गालावर म्हणजे मुलगा, दोन्ही गालांवर म्हणजे नजर लागली. स्वतःच्या घरातली गॅसची टाकी कधी संपेल हे ज्यांना सांगता येत नाही, त्या बाया पुटकुळीवरून भविष्य सांगत होत्या.

"माझं तोंड आहे की पंचांग?" ऋतिका चिडून म्हणायची. आणि का नाही चिडणार? येणारा-जाणारा हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवतो, बोटाने गाल दाबून बघतो, वर "च्च च्च" करतो. बाजारात वांगीसुद्धा लोक इतकी दाबून बघत नाहीत.

शेवटी ती सासूला घेऊन कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "या दिवसांत पुष्कळ जणींना होतं हे. साध्या सौम्य साबणाने तोंड धुवा, टिपून कोरडं करा, पुटकुळ्या फोडू नका. आणि मला विचारल्याशिवाय काहीही लावू नका. काही मलमं बाळाला घातक असतात. फारच वाढलं तर चालेल असं औषध मी देईन."

आनंदीबाई परतीच्या रिक्षात धुमसत होत्या. "हाडं खिळखिळी करत कर्जतला गेलो आणि त्या बाईनं काय सांगितलं? तोंड धू! तोंड धुवायला डॉक्टर लागतो काय गं? तुमा भिसेगावच्या पोरींना शिंक आली तरी डॉक्टर पायजे."

"आई, त्यांनी काही लावू नका असंही सांगितलंय."

"तिला काय जातंय सांगायला? डोहाळजेवणाला गाव येणार, फोटो निघणार. अशा तोंडानं बसवू काय तुला?"

मग जे सुरू झालं त्याला तोंड नव्हतं, सगळं ऋतिकाच्याच तोंडावर चाललं होतं. अंबाबाईने हळद-लिंबाचा लेप आणून थापला. ऋतिका कळवळली, तर म्हणे, "झोंबतंय म्हंजे लागू पडतंय." संध्याकाळपर्यंत गाल लालभडक झाले. नवरा ऋषिकेश खालापूरकडच्या कारखान्यातून ड्युटी करून आला. त्याने तोंडाकडे पाहिलं आणि टूथपेस्ट पुढे केली. "कंपनीतले सगळे हेच लावतात."

"का? माझ्या गालाला दात फुटलेत?"

"अगं, थोडं लावून घे ना सगळ्यांचं. त्यांचं मन राहील."

"मग तुम्ही लावून घ्या तुमच्या गालाला. मन तुमच्याकडे राहू दे!"

ऋषिकेश टूथपेस्ट घेऊन निमूटपणे मोरीकडे गेला.

त्याच घराच्या मागे गोठ्यात हरणी होती. हरणी म्हणजे म्हैस, आणि तीही गाभण. मागच्या खेपेला ती गाभडली होती, पोटातलं रेडकू गेलं होतं, तेव्हा आनंदीबाई जेवल्या नव्हत्या. त्यामुळे या वेळी घरात कडक कायदा होता. गुरांच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय हरणीची पेंडसुद्धा बदलायची नाही. तिच्या अंगाला कुणी परक्याने हात लावायचा नाही. अंबाबाईला तर गोठ्याच्या दारातच अडवलेलं होतं, नजर वाईट म्हणून. ऋतिका हे सगळं खिडकीतून बघायची आणि तिच्या मस्तकात तिडीक जायची. पण सासूला तोंडावर बोलणार कोण?

डोहाळजेवणाच्या सकाळी शेलूहून नणंद आली, हर्षला. मनाने चांगली, पण मोबाइलवर जे दिसेल ते विकत घेणारी. तिने पर्समधून कोरी करकरीत ट्यूब काढली. "ऋतिका, हे लाव गं. माझे सगळे डाग गेले यानं."

ऋतिकाने ट्यूब उलटी केली. मागे बारीक अक्षरात छापलं होतं की गरोदर स्त्रियांनी वापरू नये. तिने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"ते सगळ्यांवरच लिवलेलं असतं गं," हर्षला म्हणाली.

"सगळ्यांवर नसतं, ताई. डॉक्टरांनी असलंच काही लावू नका म्हणून सांगितलंय."

"डॉक्टर, डॉक्टर!" आनंदीबाई उसळल्या. "एवढ्याशा ट्यूबनं काय होतंय? लाव गं हर्षला, मी धरते हिला."

आणि खरोखर धरलं! हर्षला बोटावर मलम घेऊन पुढे आली. ऋतिकाने तोंड फिरवलं. आतापर्यंत गाल भाजले होते ते तिचे स्वतःचे होते. हे बाळापर्यंत गेलं असतं.

"बाळाला काही झालं तर कुणाचं नाव घेऊ मी? सांगा!" ती किंचाळली, हात सोडवला आणि ट्यूब हिसकावून खिडकीबाहेर भिरकावली. हर्षला तोंड पाडून बोट पुसत बसली. आनंदीबाई म्हणाल्या, "काय बाई हा राग! पोर रागीट निपजंल." आणि तणतणत पुरणाकडे गेल्या.

दुपारी ऋतिकाला हिरवी साडी नेसवून, फुलांचे दागिने घालून झोपाळ्यावर बसवलं. बाया ओटी भरत होत्या आणि तोंडाकडे बघत होत्या. तेवढ्यात अंबाबाईने पदराआडून वाटी काढली. "फोटोच्या आधी जराशी चंदनपूड लावते, थंड असते गं." दोन्ही हातात फुलांच्या कांकणांची जोडी, मांडीवर नारळ आणि फळं, ऋतिकाला हलताही येईना.

अंबाबाईचं बोट गालाला टेकणार, तोच घरामागून आनंदीबाईंची किंकाळी आली. बाया उठून गोठ्याकडे धावल्या. ऋतिकाही नारळ खाली ठेवून निघाली.

हरणीच्या मानेला दाव्याने घासटून चट्टा पडला होता. त्या चट्ट्यावर पांढरं मलम जाडजूड थापलेलं होतं, आणि शेजारी पोपटराव, म्हणजे ऋतिकाचे सासरे, पिळून चपटी केलेली ट्यूब हातात घेऊन उभे होते.

"दावणीत पडलेली गावली," ते म्हणाले. "नवीकोरी. हर्षलाची हाय, म्हंजे भारी असंल. वाया कशाला घालवायची?"

"अवो, गाभण हाय ना ती!" आनंदीबाई ओरडल्या. "गाभण जनावराला इचारल्याबिगर काय लावायचं नाय, येवढी अक्कल नाय तुमाला?"

"एवढ्याशा ट्यूबनं काय होतंय?"

"काय होतंय? पोटातल्या जिवाला झालं म्हंजे? ते काय तुमी भरून देणार हाय? आदी डॉक्टरला फोन लावा!"

फोन लागला, स्पीकरवर टाकला. गुरांचे डॉक्टर शांतपणे म्हणाले, "घाबरू नका. तिला ते चाटू देऊ नका. साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा. चट्टा खाजवू नका. आणि मावशी, मला विचारल्याशिवाय काही लावत जाऊ नका."

"नाय लावणार, डॉक्टर. द्येवमाणूस तुमी!" आनंदीबाईंनी फोनलाच हात जोडले, स्वतः साबण आणला, हरणीची मान धुतली आणि लग्नातल्या ठेवणीतल्या टॉवेलने टिपली.

ऋतिका दारात उभी राहून बघत होती. पुढचं तिने ठरवून म्हटलं नाही, तोंडून गेलंच. "आई, पुढच्या जन्मी मला या घरात म्हैस म्हणूनच आणा."

हर्षला नखाकडे बघू लागली. आनंदीबाईंचा टॉवेल हरणीच्या मानेवर तसाच राहिला. त्यांनी सुनेच्या लालभडक गालांकडे पाहिलं, मग हरणीकडे, मग परत गालांकडे. सगळ्यांनी ऋतिकाला परत झोपाळ्यावर नेऊन बसवलं.

अंबाबाईला मात्र जगात काय घडलं याचं काही नसतं. ती वाटी घेऊन परत हजर. "चल गं, पटकन लावून घे, फोटोवाला थांबलाय."

खाडकन आवाज आला. आनंदीबाईंनी अंबाबाईच्या मनगटावर फटका मारला होता. वाटी गडगडत पाटाखाली गेली.

"खबरदार हात लावशील तर! गाभण हाय ती!"

ऋतिका कानापर्यंत लाल झाली, आता पुटकुळ्या शोधायलासुद्धा जागा उरली नाही.

"आई, गरोदर म्हणा हो!"

"तेच गं ते! तू आदी ऊठ, तोंड धू आणि टिपून घे. डॉक्टरनं सांगितलंय!"

कुठल्या डॉक्टरने, हे ऋतिकाने विचारलं नाही. ती उठली आणि तोंड धुऊन आली.