सिस्टर बसची वाट बघतात

आमच्या इमारतीत कुणाकडे पूजा असो की बारसं, पंगतीत मंगल सिस्टर एक रिकामं ताट घेऊन फिरतात. वाढायला नव्हे, उचलायला. ज्याला बीपी आहे त्याच्या पानातला पापड गेला, लोणचं गेलं, मिठाची चिमूटही गेली. "खुशाल खा, पण मग चक्कर आली म्हणून माझं दार वाजवायचं नाही," असं वर ऐकवतात. चक्कर आली की लोक त्यांचंच दार वाजवतात, हा भाग वेगळा.

मोठ्या रुग्णालयातली नोकरी संपवून सिस्टर आता संत तुकाराम नगरात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात आणि घरोघरी जाऊन बीपीचे पेशंट सांभाळतात. बीपी तपासणं म्हणजे त्यांच्याकडे सोहळाच. पाठ टेकलेली, पाय जमिनीला, तोंड बंद. एकदा वरच्या मजल्यावरच्या काकू पट्टा बांधत असतानाच सुनेबद्दल बोलायला लागल्या. सिस्टर म्हणाल्या, "आधी सून डोक्यातून उतरू द्या, मग पट्टा चढवू."

माझ्या नवऱ्याशी मात्र त्यांची रोज जुंपायची. हे राजगुरुनगरकडचे, चाकणच्या एका कंपनीत तिन्ही शिफ्ट करणारे. "मला काय धाड भरलीय? डोकं दुखत न्हाई, काय न्हाई," हे ह्यांचं ठरलेलं उत्तर. पण बीपी दोन आठवडे बरं असायचं आणि तिसऱ्या आठवड्यात चढायचं. असंच चाललं तर एक दिवस अंगावरून वारं जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी सिस्टरांनी ह्यांची उलटतपासणी घेतली आणि घोळ सापडला. डॉक्टरांनी गोळी सांगितली होती सकाळी नाश्त्यानंतर. थर्ड शिफ्टला हे सकाळी घरी यायचे आणि काही न खाता आडवे व्हायचे. नाश्ता नाही म्हणून गोळी नाही. उठेपर्यंत सकाळ संपलेली, म्हणून मग उद्या! इतकी आज्ञाधारक बेपर्वाई बघून सिस्टरांनी कपाळाला हात लावला.

त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ बदलून घेतली आणि थर्ड शिफ्टच्या आठवड्यात कंपनीच्या बसच्या थांब्यावर स्वतःच उभ्या राहू लागल्या. एका हातात गोळी, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. बसच्या खिडक्यांतून माना बाहेर यायच्या. "राव, तुझी सासू आली बघ!" हे लाजून चूर. मी म्हटलं, "सिस्टर, घरी देईन की मी." तर म्हणाल्या, "बायकोला नवरे 'ठेव तिथं' म्हणतात." बीपी आटोक्यात आलं तरी त्यांचं थांब्यावर जाणं काही थांबलं नाही. आम्ही मागून हसायचो.

मग एका सकाळी हे मित्राच्या मोटारसायकलवरून लवकर घरी आले. सिस्टरांना कळवायचं कुणाच्याच लक्षात आलं नाही. हे चहा पीत होते, इतक्यात दार धडधडलं. उघडलं तर सिस्टर, पांढऱ्याफटक.

"बस आली हो. सगळे उतरले. तुमचे हे उतरलेच नाहीत."

तेवढ्यात त्यांना हे दिसले, आणि त्या उंबऱ्यातच बसल्या. साऱ्या नगराला दटावणारी ती बाई लहान मुलासारखी रडत होती.

"आमचे मालक याच थांब्यावर उतरायचे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी भाजी घेऊन उभी होते. सगळे उतरले आणि माझ्याकडे कुणी बघेचना. कंपनीतच कोसळले होते ते. मी वॉर्डात दुसऱ्यांचं बीपी बघत राहिले, त्यांचं राहिलंच."

एरवी शब्दाला शब्द देणारे हे उठले, त्यांच्या हातातून गोळी घेतली आणि म्हणाले, "चुकलं सिस्टर."

आता मित्र कितीही आग्रह करो, हे कंपनीच्या बसनेच येतात. ती रखडत, जागोजागी थांबत येते. आमचा थांबा जवळ आला की हे आधीच उठून दारात उभे राहतात, सिस्टरांना लांबूनच दिसावं म्हणून.